विद्यापीठात फक्त प्राध्यापक नसतात

शाबान महिन्यातल्या एका रविवारी, असरनंतर, आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बा बोईसरहून घरी आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत मुलीची सगळी प्रमाणपत्रे, आणि त्यांच्यात चार घड्या घातलेला एक कागद. चहा झाला, गावाच्या गोष्टी झाल्या, तरी ते कागद बाहेर काढेनात. उठायच्या वेळी म्हणाले, "टीचर, हे एकदा वाचून द्या. दोन लाखांचा मामला आहे."

कागद म्हणजे मुंबईतल्या एका संशोधन संस्थेची भरतीची जाहिरात होती. प्रयोगशाळा सहायकाची काही पदे. कुणा ओळखीच्या माणसाने ती त्यांना आणून दिली होती. "मोठ्या युनिव्हर्सिटीसारखी जागा आहे, सरकारी आहे, पोरीचं काम होऊन जाईल. एक लाख आधी, एक लाख ऑर्डर हातात आल्यावर." माणूस नमाजी, मोहल्ल्यातला. त्यामुळे शंका घेणे अब्बांना बरे वाटत नव्हते. पण दोन लाख ही त्यांच्यासाठी लहान रक्कम नाही. ते शिवणकाम करतात, आणि हा पैसा मुलीच्या निकाहसाठी जपलेला होता.

आम्ही कागद दोनदा वाचला. जाहिरात खरी होती. संस्था खरी होती, पदे खरी होती, पगाराचा स्तर खरा होता. खोटा होता तो फक्त मधला माणूस. आणि त्या कागदाच्या तिसऱ्या पानावर लहान अक्षरात लिहिले होते की महिला उमेदवारांना अर्जाचे शुल्क नाही. ज्या दारात फुकट उभे राहता येत होते, त्या दारासाठी हा माणूस दोन लाख मागत होता.

अर्जाच्या शेवटच्या तारखेला नऊ दिवस उरले होते.

ही मुलगी आमच्याकडे दहावीपर्यंत होती. पुढे पालघरला जाऊन रसायनशास्त्र घेऊन बीएससी झाली, प्रथम वर्गात. गेली तीन वर्षे तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काम करते. काम करते कंपनीचे, पगार घेते ठेकेदाराकडून. शिफ्ट कागदावर आठ तासांची, प्रत्यक्षात बारा. हातात एचपीएलसीचे मशीन आहे. आमच्यासारख्या भाषेच्या माणसांना सांगायचे तर, औषधाच्या नमुन्यात काय काय किती आहे ते वेगळे करून मोजणारे यंत्र. ती ते चालवते, त्याचा कॉलम बदलते, आलेख वाचते, नोंदी ठेवते.

आणि आम्हाला त्या दिवशी प्रथमच नीट जाणवले की हेच काम मोठमोठ्या विद्यापीठांच्या प्रयोगशाळेत चालते. पवईच्या आयआयटीत अशा महागड्या यंत्रांचे एक स्वतंत्र केंद्र आहे, तिथे बाहेरच्या संस्थांचे नमुनेही तपासून दिले जातात. ती यंत्रे प्राध्यापक चालवीत बसत नाहीत. ती चालवायला तंत्रज्ञ लागतात, सहायक लागतात. आमच्या बोईसरच्या रसायन पट्ट्यात अशी कामे करणारी शेकडो मुले-मुली रोज कंपनीच्या बसमध्ये चढतात. त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे की आपल्या हातात जे आहे त्याला तिथे मागणी आहे?

विद्यापीठ म्हटले की आपल्या घरात एकच चित्र उभे राहते. डॉक्टरेट झालेला, चष्मा लावलेला प्राध्यापक. आपल्याला काय करायचेय तिथे, म्हणून आपण पान उलटतो. प्रत्यक्षात संशोधन करणारी संस्था म्हणजे एक लहानसे गावच असते. तिथे प्रयोगशाळा सहायक असतात, वर्कशॉपमध्ये फिटर, टर्नर, वेल्डर असतात. काच फुंकून उपकरणे बनवणारे असतात, हा हुन्नर तर आता दुर्मिळ झाला आहे. इलेक्ट्रिशियन, एसी-मेकॅनिक, प्लंबर, वायरमन. कार्यालयात लिपिक, हिशेब पाहणारे, खरेदी विभागातले, भांडारातले. ग्रंथालयात ग्रंथपाल आणि त्यांचे सहायक. वसतिगृहाचे व्यवस्थापक. आवारात दवाखाना असला तर नर्स आणि फार्मासिस्ट. शास्त्रज्ञ एक असेल तर त्याच्यामागे हे सारे उभे असतात.

पालघरच्या मुलासाठी अशी गावे कुठे आहेत? मुंबई विद्यापीठ १८५७ चे, फोर्ट आणि कालिन्यात. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ ची, तिलाही विद्यापीठाचा दर्जा आहे. पवईची आयआयटी १९५८ ची. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चे, आणि त्याचे एक संशोधन केंद्र तर खुद्द पालघरातच आहे. भाताच्या खाचरांशेजारून रोज जाताना आपल्यापैकी किती जणांनी त्याच्या फाटकावरची पाटी वाचली असेल?

पण सर्वात जवळची गोष्ट सर्वात कमी लोकांना माहीत आहे. तारापूर म्हटले की आपण अणुवीज केंद्र म्हणतो. देशातले पहिले अणुवीज केंद्र इथे १९६९ मध्ये सुरू झाले, पुढे २००५-०६ मध्ये तिसरे आणि चौथे युनिट आले. त्या दोन युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणची माणसे उठली, ते दुखणे पालघरला विसरता येणार नाही. मात्र वीज केंद्राच्या शेजारीच भाभा अणुसंशोधन केंद्राचे, म्हणजे बीएआरसीचे, वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करण्याचे काम चालते. आणि बीएआरसी हा होमी भाभा राष्ट्रीय संस्था नावाच्या अभिमत विद्यापीठाचा घटक आहे. २००५ साली ते विद्यापीठ झाले. म्हणजे संशोधन करणाऱ्या विद्यापीठाचा एक हात आपल्या चिंचणी-तारापूरच्या वेशीवर येऊन टेकलेला आहे, आणि आपण मात्र मुलाला कुवेतचा व्हिसा शोधत मुंबईच्या एजंटांकडे पाठवतो.

आमच्या भागाची ही गंमतच आहे. कुवेत जवळ वाटते, पवई लांब वाटते. चुलत भाऊ दोहामध्ये आहे, मामू मस्कतला होते, म्हणून तिथला रस्ता ओळखीचा. पवईला कुणी गेलेच नाही, म्हणून ती समुद्रापलीकडे.

बीएआरसी आणि वीज केंद्र चालवणारे अणुऊर्जा महामंडळ, दोघेही 'स्टायपेंडरी ट्रेनी' म्हणजे विद्यावेतनावर प्रशिक्षणार्थी घेतात. एक गट बीएससी आणि डिप्लोमावाल्यांचा, दुसरा बारावी विज्ञान किंवा आयटीआयवाल्यांचा. प्रशिक्षण पूर्ण केले आणि त्यात उत्तीर्ण झाले की तंत्रज्ञ किंवा वैज्ञानिक सहायक म्हणून नेमणूक. इथे दोन गोष्टी आमच्या मुलांना आडव्या येतात. एक, गुणांची अट. साठ टक्के मागतात आणि आपले पोर पंचावन्नवर समाधान मानते, 'पास झाला ना, बस'. दुसरी, वय. या पदांची वयोमर्यादा बाविशी-चोविशीलाच संपते, इतर मागासवर्गीयांना तीन वर्षांची सवलत मिळते. बारावीनंतर दोन वर्षे मोबाइलच्या दुकानात आणि तीन वर्षे ठेकेदाराकडे काढून कुणी आमच्याकडे येतो तेव्हा ते दार बंद झालेले असते. आयटीआय झालेल्यांना शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप, हीही तारापुरातच मिळते. ती नोकरी नव्हे, पण त्या वर्षाचे प्रमाणपत्र ठेकेदाराच्या पाच वर्षांपेक्षा जड असते.

आता त्या मुलीकडे येऊ.

सोमवारी ती स्वतः आली, रात्रपाळी करून, डोळे लाल. आम्ही तिघे बसलो आणि जाहिरातीतल्या अटी एकेक करून तपासल्या. शिक्षण बसत होते. वय बसत होते. एका विशिष्ट प्रकारच्या यंत्रावर दोन वर्षांचा अनुभव मागितला होता, तोही होता. कुटुंब इतर मागासवर्गात येते, दाखलाही होता. आम्ही समाधानाने म्हणालो, "अल्हम्दुलिल्लाह, सगळे आहे."

सगळे नव्हते. दाखला होता तो राज्याच्या नमुन्यातला. केंद्र सरकारच्या संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेअर दाखला लागतो, आणि आपली जमात राज्याच्या यादीत असली तरी केंद्राच्या यादीतही असावी लागते. या दोन याद्या वेगळ्या आहेत. मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार, बागवान अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्यांना राज्याच्या यादीत जागा मिळाली आहे. पण ज्याने त्याने आपले नाव केंद्राच्या यादीत कोणत्या शब्दांत लिहिले आहे ते स्वतः पाहून घ्यावे. एका अक्षराच्या फरकाने अर्ज बाद झालेले आम्ही पाहिले आहेत.

दुसरा गैरसमज उत्पन्नाचा. आठ लाखांची मर्यादा ऐकून कित्येक घरे दाखलाच काढत नाहीत. "अब्बांचा पगार जास्त आहे, आपण क्रिमीलेअरमध्ये." केंद्राच्या हिशेबात ही मर्यादा आईवडिलांच्या उत्पन्नाची आहे, उमेदवाराच्या स्वतःच्या नाही, आणि त्यातही पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. आईवडील वरच्या सरकारी हुद्द्यावर असतील तर त्याचे नियम निराळे.

आणि ज्यांची बिरादरी कुठल्याच यादीत नाही, आपल्या कोकणी मुस्लिमांतली बरीच घरे अशी आहेत, त्यांच्यासाठी २०१९ पासून आर्थिक दुर्बल घटकांचे दहा टक्के आहेत. ते धर्म विचारत नाहीत. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे, इथे मात्र पगार आणि शेती सगळे धरतात. शेतजमीन पाच एकर किंवा जास्त नको, हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठा फ्लॅट नको, घराच्या प्लॉटचीही मर्यादा आहे. वाडीत चिकूची चार झाडे आहेत म्हणून आपण जमीनदार ठरत नाही. चौकशी तरी करावी. अजूनही लोक आम्हाला मुस्लिमांच्या पाच टक्के आरक्षणाबद्दल विचारतात. तो अध्यादेश जुलै २०१४ मध्ये निघाला होता. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या भागाला स्थगिती दिली, आणि पुढे अध्यादेशाची मुदतच संपली. त्याच्या आशेवर अर्ज भरू नये.

नऊ दिवसांपैकी सहा दिवस दाखल्यात गेले. सेतू केंद्र, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा सेतू, मग प्रांत कार्यालय. अब्बांनी दोन दिवस दुकान बंद ठेवले. सातव्या दिवशी दाखला हातात आला. राहिला अनुभवाचा कागद, आणि तो सोपा असेल असे आम्हाला वाटले होते.

मुलीने कंपनीच्या कार्यालयात पत्र मागितले. उत्तर मिळाले, "तुम्ही आमच्या नाहीत, ठेकेदाराच्या आहात." ठेकेदाराकडे गेली. तो म्हणाला, "पत्र देतो ना." दिलेल्या पत्रावर लिहिले होते, 'हेल्पर, तीन वर्षे'. यंत्राचे नाव नाही, लॅबचे नाव नाही. तीन वर्षे जी मुलगी दिवसाला तीस-तीस नमुने तपासत होती, ती कागदावर हेल्पर होती. तिने ते पत्र, पीएफचे पासबुक, पगाराच्या पावत्या आणि तिच्या नावाचा एक प्रशिक्षणाचा दाखला असे सगळे जोडून अर्ज भरला. शेवटच्या दिवशी रात्री नऊ वाजता.

दोन महिन्यांनी छाननीची यादी लागली. तिच्या नावापुढे लिहिले होते, अनुभव पुरेसा सिद्ध होत नाही.

आम्ही तिच्यापेक्षा जास्त हळहळलो असू. कारण चूक आमचीही होती. या मुलांना आम्ही शाळेत निबंध लिहायला शिकवतो, अर्ज लिहायला शिकवतो, पण 'कामाला लागताना नेमणूकपत्र माग, त्यावर कामाचे नाव नीट लिहून घे, दर वर्षी एक पत्र घेऊन फाइलला लाव' हे कधी सांगितलेच नाही. एमआयडीसीत मुले-मुली असलेल्या प्रत्येक घराला आम्ही आता हेच सांगतो. नोकरी सोडताना पत्र मिळत नाही. नोकरीत असताना, साहेब खूश असताना, एखाद्या ऑडिटच्या आधी, तेव्हा मागावे.

त्या दिवशी अब्बांच्या मोहल्ल्यातला तो माणूस पुन्हा आला होता. म्हणाला, "मी सांगत होतो ना, ओळखीशिवाय होत नाही." हे वाक्य फार वाईट आहे, कारण ते अर्धे पटते. म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'क' आणि गट 'ब' मधल्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखत घेणे बंद केले. अशा पदांसाठी बहुतेक ठिकाणी लेखी परीक्षा आणि कौशल्याची चाचणी असते. यंत्र समोर ठेवतात, चालवून दाखवा म्हणतात. ओळखीचा माणूस तिथे काय करणार? तो फक्त एवढेच करतो की पन्नास जणांकडून पैसे घेतो, त्यातले दोघे स्वतःच्या हिमतीवर लागतात, त्यांचे पैसे ठेवतो आणि बाकीच्यांना 'पुढच्या भरतीत' म्हणतो.

दुसरे एक वाक्य आहे, ते कुणी मोठ्याने बोलत नाही. "आपलं नाव बघून घेतील का?" त्या मुलीनेही विचारले, मान खाली घालून. आम्ही तिला खोटा दिलासा दिला नाही. दुनियेत भेदभाव नाही असे कोण म्हणेल? पण तिचा अर्ज नावावरून गेला नाही, तो एका पत्रावरून गेला, हे तिला समजणे आम्हाला जरुरीचे वाटले. नावाची भीती इतकी मोठी होऊन बसते की मग कागदाची चूक दुरुस्त करायचे राहून जाते. ओबेद सिद्दिकींचे नाव आम्ही तिला सांगितले. उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलीगढला शिकलेले. होमी भाभांनी त्यांना बोलावले आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या टाटा संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. पुढे बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे केले आणि त्याचे पहिले संचालक झाले. मुलीने विचारले, "ते मोठे शास्त्रज्ञ होते, टीचर. माझ्यासारख्यांचं काय?" प्रश्न बरोबर होता. आमच्याकडे तिच्यासारख्यांची नावे नव्हती. त्यांची नावे कुणी लिहून ठेवत नाही.

जे खरेच प्राध्यापकीकडे जाऊ इच्छितात त्यांच्याबद्दल थोडे बोलायला हवे, कारण बीए, एमए उर्दू किंवा इतिहास झालेल्या मुलींची पत्रे आम्हाला जास्त येतात. सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला किमान पंचावन्न टक्के, इतर मागासवर्गीयांना पाच टक्क्यांची सवलत, आणि नेट किंवा सेट उत्तीर्ण. मध्यंतरी विद्यापीठातल्या विभागांसाठी पीएचडी सक्तीची होणार होती, पण जुलै २०२३ पासून नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवली गेली. नेट वर्षातून दोनदा असते, उर्दू आणि मराठी दोन्ही विषय त्यात आहेत. सेट आपल्याकडे पुण्याचे विद्यापीठ घेते, ती महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. सेट उत्तीर्ण होऊन हैदराबादला अर्ज करू नये, तिथे नेटच लागते.

नेटमध्ये वरच्या क्रमांकाने आले तर संशोधनासाठी कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळते, २०२३ पासून महिना ३७ हजार. सासरी किंवा माहेरी 'शिकून काय करणार' म्हणणाऱ्यांचे तोंड बंद करायला हा आकडा पुरेसा आहे, असा आमचा अनुभव. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती मात्र डिसेंबर २०२२ मध्ये बंद केल्याचे सरकारने संसदेत सांगितले. ती असती तर आणखी कितीतरी मुली आज संशोधनात असत्या. इतर मागासवर्गात येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी राज्याच्या महाज्योती संस्थेकडे पाहावे. तिच्या योजना त्या प्रवर्गासाठी आहेत आणि त्यात आपणही येतो. हे आपल्यातल्या फार थोड्यांच्या लक्षात येते.

तासिका तत्त्वाबद्दल एक कडू गोष्ट. महाविद्यालयात तासावर शिकवायला मिळाले की घरात पेढे वाटले जातात. 'प्रोफेसर झाली.' वर्ष-दोन वर्षे शिकवण्याचा सराव म्हणून ते ठीक आहे. पण आम्ही असे सुशिक्षित लोक पाहिले आहेत जे दहा-दहा वर्षे तासावर शिकवतात, सुट्टीत पैसे नाहीत, पुढच्या जूनमध्ये बोलावतील की नाही ठाऊक नाही. तिथे रुतून बसून नेटचा अभ्यास सोडला तर तो माणूस वर्षानुवर्षे त्याच जागी राहतो.

उर्दू-अरबी शिकलेल्यांसाठी ग्रंथालय ही दुर्लक्षित वाट आहे. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केलेली त्याची वर्णनात्मक सूची १९३५ साली प्रसिद्ध झाली. अशी पाने वाचता येणारी आणि वर ग्रंथालयशास्त्राची पदवी असलेली माणसे आता किती उरली? मदरशात शिकलेल्या एखाद्या हुशार मुलाने बीए करून ग्रंथालयशास्त्र केले तर त्याच्याकडे असे काही असेल जे दुसऱ्या उमेदवाराकडे नाही. हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ चे, केंद्र सरकारचे. तिथे तर उर्दू येणे हीच कमाई आहे. उर्दू माध्यमातल्या मुलांना मात्र आम्ही वर्गातही सांगतो आणि इथेही सांगतो, की राज्यातल्या विद्यापीठांत लिपिक व्हायचे असेल तर मराठी टंकलेखन तीस, इंग्रजी चाळीस शब्दांचे प्रमाणपत्र लागते. बोलता येते म्हणजे लिहिता येते असे नाही. 'मी अर्ज केला आहे' यात पाच चुका करणारे पदवीधर आम्ही शिकवले आहेत, आमच्याच हातून गेले आहेत.

यादी लागल्यानंतर मुलगी महिनाभर दिसली नाही. मग एके दिवशी फोन आला. तिने स्वतःच शोधून काढले होते की मोठ्या संस्थांत कायम पदांशिवाय प्रकल्पांची पदे असतात. एखाद्या प्राध्यापकाला संशोधनासाठी निधी मिळतो, त्यातून तो वर्ष-दोन वर्षांसाठी सहायक घेतो. ही पदे मोठ्या जाहिरातीत येत नाहीत, संस्थेच्या संशोधन कार्यालयाच्या पानावर येतात, मुदत दहा-पंधरा दिवसांची असते. कायम नाहीत, पेन्शन नाही, प्रकल्प संपला की संपले. पण तिथे कुणी ठेकेदार मध्ये नसतो, आणि निघताना मिळणाऱ्या पत्रावर यंत्राचे नाव असते. तिने पवईत असा एक अर्ज केला होता. मुलाखतीत त्यांनी पत्र मागितलेच नाही. एक बिघडलेला आलेख समोर ठेवला आणि विचारले, इथे काय चुकले असेल? तिने सांगितले, कॉलम जुना झाला आहे किंवा द्रावणात हवा राहिली आहे. "टीचर, हे तर आमच्याकडे रोजचं आहे," असे सांगताना ती हसत होती.

निवड झाली. आता प्रश्न घराचा होता. अकरा महिन्यांचे काम, तेही मुंबईत. अम्मीने जेवण सोडले. मोहल्ल्यात चर्चा. एक स्थळ आले होते, त्यांनी विचारले, "मुलगी मुंबईला राहणार का?" अब्बा पुन्हा आमच्याकडे आले, या वेळी पिशवी नव्हती. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "टीचर, तुमची मुलगी असती तर?" आम्ही लगेच हो म्हणू शकलो नाही. आमची मुलगी नववीत आहे. मग आम्ही त्यांना विचारले की रात्रपाळीला ती तीन वर्षे कंपनीच्या बसने जात होती, रात्री दहाला निघत होती, तेव्हा त्यांनी कुणाला विचारले होते? ते म्हणाले, "ते घरच्या गरजेसाठी होतं." आम्ही काही बोललो नाही. तेही काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "हेही तसंच म्हणा."

ठरले असे की ती आठवडाभर तिच्या खालाकडे कुर्ल्यात राहील आणि शुक्रवारी रात्री घरी येईल. डहाणूपर्यंत लोकल येऊ लागली ती २०१३ पासून, ती नसती तर हेही जमले नसते. दोन लाख बँकेत परत गेले आहेत. त्यातले थोडे तिच्या पाससाठी आणि लॅपटॉपसाठी निघाले, त्यावरून अम्मी अजून बोलून दाखवतात. स्थळवाले थांबतो म्हणालेत, पाहू.

तिच्या प्रकल्पाची मुदत मार्चमध्ये संपते. वाढेल की नाही, ते प्राध्यापकही आताच सांगू शकत नाहीत. मधल्या काळात तिने प्रशिक्षणार्थींच्या परीक्षेचा अभ्यास लोकलमध्ये सुरू केला आहे, कारण सवलत धरून तिच्याकडे आता दोनच वर्षे आहेत. गेल्या शुक्रवारी ती बोईसरला उतरली तेव्हा अब्बा फलाटावर होते, आणि तिच्या हातात त्यांच्यासाठी आणखी एका जाहिरातीचा कागद होता. तिच्या धाकट्या भावासाठी. आयटीआय, फिटर, दुसरे वर्ष. अब्बांनी तो तिथेच उभ्या उभ्या वाचायचा प्रयत्न केला आणि रविवारी असरनंतर आमच्याकडे घेऊन आले. शेवटची तारीख बावीस दिवसांवर आहे. या वेळी आम्ही पहिल्या दिवसापासून दाखल्याच्या मागे लागलो आहोत.